रोजची न्याहारी पौष्टिक आहे का, हे घरच्या घरी कसे ठरवावे

पोहे चांगले की उपमा चांगला, इडली हलकी की पोळी, साबुदाण्याची खिचडी रोज चालते का, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात आणि उत्तरे देणाऱ्यांचीही वानवा नसते. अडचण अशी की या प्रश्नांत पदार्थाचे नुसते नाव असते. एकाच इमारतीतल्या दोन घरांत सकाळी कांदेपोहे होतात. एका घरी कढईत दोन चमचे तेल पडते आणि पोह्यांइतकाच मटार असतो, तर दुसऱ्या घरी तेलाची पळी दोनदा बुडते आणि वरून मूठभर शेव येते. नाव एकच असले तरी शरीराला मिळणारा ऐवज निराळा असतो. म्हणून आपली न्याहारी पारखायची असेल, तर पदार्थांच्या याद्या वाचण्यापेक्षा आपल्या कढईत काय आणि किती जाते, हे एकदा मोजावे लागते. हे काम एका आठवड्यात होते आणि त्यासाठी आहारशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांनी असे मोजमाप पूर्वी कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी खालील पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरण कांदेपोह्यांचे घेतले आहे, कारण मराठी घरांत सर्वांत जास्त वेळा तेच होतात, आणि खरे सांगायचे तर माझा स्वतःचा गैरसमजही त्यांच्याबाबतच होता.

पहिली पायरी: सात दिवस लिहून काढा

सोमवार ते रविवार, उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तोंडात जे जाईल ते सर्व वहीत लिहावे. रविवार वगळू नये, कारण वडापाव, मिसळ आणि जिलेबी बहुधा त्याच दिवशी येतात. उपवासाचा दिवसही वगळू नये. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि पुन्हा भूक किती वाजता लागली, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. त्या आठवड्यात खाण्यात काही सुधारणा करू नये, नाहीतर वही सुंदर दिसते आणि उपयोगाची राहत नाही.

लिहायला बसल्यावर बहुतेकांच्या लक्षात येते ते हे, की आपण ज्याला न्याहारी म्हणतो ती नऊ वाजताची बशी असते, पण खाणे त्याआधीच सुरू झालेले असते. साडेसहाचा चहा, त्यात बुडवलेली तीन बिस्किटे किंवा दोन खारी, मुलाच्या डब्यातून उरलेला अर्धा पराठा आणि कचेरीत पोहोचल्यावरचा दुसरा चहा ही सर्व मंडळी हिशेबात यायला हवीत. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने चव पाहताना आणि भाजलेले शेंगदाणे सोलताना तोंडात टाकलेलेही लिहावे. ते लिहिताना जरा संकोच वाटतो, पण वही आपणच वाचणार असतो.

दुसरी पायरी: एक पदार्थ तोलून करा

वहीत जो पदार्थ सर्वांत जास्त वेळा आला असेल तो निवडावा आणि एकदा तोलून करावा. ग्रॅम दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ५ व १५ मिलिलिटरचे मापाचे चमचे एवढे साहित्य पुरते. घरातला चमचा मापासाठी वापरू नये, कारण पोहे खाण्याचा चमचा, साखरेच्या डब्यातला चमचा आणि मिसळणाच्या डब्यातला चमचा यांचे आपापसांत काहीही नाते नसते. काट्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि मग एकेक जिन्नस त्यात घालत वजन लिहीत जावे. पोहे भिजवण्यापूर्वीच तोलावेत, भिजल्यावर त्यांत पाण्याचे वजन मिसळते.

तेलाच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. आधी मोजून मग कढईत घातले तर हात आपोआप आखडता होतो. आमच्या घरी मी आईला सांगितले, की तू रोजच्यासारखेच तेल घाल, फक्त कढईऐवजी या मोजपात्रात घाल. तिने पळी बरणीत बुडवली, एकदा ओतली, पात्राकडे पाहिले, पुन्हा बुडवली आणि ‘‘पोह्यांना तेल लागतंच रे, नाहीतर घशाखाली उतरत नाहीत’’ असे म्हणत आणखी थोडे ओतले. पात्रातली पातळी ६० मिलिलिटरच्या रेघेला टेकली होती. त्या क्षणापर्यंत आमच्या घरात ‘कमी तेलाचे पोहे’ होतात अशी आम्हा दोघांचीही प्रामाणिक समजूत होती.

चौघांसाठीचे आमचे माप असे निघाले: जाडे पोहे ३०० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, शेंगदाणे ५० ग्रॅम, कांदा २०० ग्रॅम, बटाटा १०० ग्रॅम, ओले खोबरे ३० ग्रॅम आणि साखर दोन लहान चमचे. हळद, मोहरी, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर आणि लिंबू यांचा हिशेब ऊर्जेच्या दृष्टीने सोडून दिला तरी चालतो.

तिसरी पायरी: एका माणसाच्या वाट्याचा हिशेब

येथे थोडे गणित आहे, पण ते सहावीच्या पुस्तकाइतकेच आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर सुमारे ४ किलोकॅलरी देते, एक ग्रॅम प्रथिनही तेवढीच देते आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप सुमारे ९ देते. कोणत्या जिन्नसात काय किती असते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत सापडते. त्यांत आपल्याकडच्या ५२८ खाद्यपदार्थांचे घटक दिलेले आहेत. रोजच्या कामासाठी मात्र पुढचे ढोबळ आकडे पाठ असले तरी भागते. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३५० किलोकॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. मुगासारख्या कोरड्या कडधान्यात ३३० किलोकॅलरी आणि २३ ते २४ ग्रॅम प्रथिने धरावीत. १५ मिलिलिटरचा मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, एक अंडे म्हणजे ६ ग्रॅम प्रथिने आणि २०० मिलिलिटर दूध म्हणजेही साधारण तेवढीच प्रथिने.

या आकड्यांवरून आमच्या कढईचा हिशेब केला. पोह्यांच्या १०५०, तेलाच्या ४९० च्या आसपास, शेंगदाण्यांच्या २८०, आणि कांदा, बटाटा, खोबरे, साखर यांच्या मिळून तीनशेच्या वर, अशा एकूण सुमारे २१०० किलोकॅलरी झाल्या. चौघांत वाटल्यावर प्रत्येकी ५३० आल्या. प्रथिने मात्र प्रत्येकी १० ग्रॅमसुद्धा भरली नाहीत. बशीतल्या ऊर्जेपैकी जवळजवळ चौथा हिस्सा केवळ फोडणीच्या तेलातून येत होता.

आकडे अचूक असण्याचा हट्ट धरू नये. कांदा वीस ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने निष्कर्ष बदलत नाही. तेल, साखर, मुख्य धान्य आणि प्रथिन देणारा जिन्नस या चार गोष्टी नीट मोजल्या म्हणजे झाले.

चौथी पायरी: चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न प्रथिनांचा, आणि आपल्या न्याहारीची दुखरी नस बहुतेक वेळा तीच असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ४६ ग्रॅम, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, असा हा हिशेब होतो. दिवसातून तीनदा खाणाऱ्याने त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा सकाळीच घ्यावा, हे मला व्यवहार्य वाटते. म्हणजे बशीत १२ ते १५ ग्रॅम प्रथिने दिसायला हवीत. पोहे, रवा, पाव, पोळी हे सर्व मुळात धान्याचे प्रकार असल्याने त्यांतून एकट्याने एवढी प्रथिने मिळणे कठीण असते. शिवाय धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, म्हणून इडलीत उडीद आणि भाजणीत हरभऱ्याची डाळ घालणाऱ्यांनी नकळत मोठेच काम करून ठेवले आहे. तेव्हा बशीकडे पाहून स्वतःला विचारावे, की या धान्याच्या जोडीला कडधान्य, डाळ, शेंगदाणे, दूध, दही किंवा अंडे यांपैकी काय आहे? मूठभर मटकीची उसळ आहे की फक्त सजावटीपुरते पाच शेंगदाणे आहेत?

दुसरा प्रश्न भाजीचा आणि तंतुमय पदार्थांचा. बशीतले धान्य आणि भाजी मनातल्या मनात वेगळी करावी आणि त्यांचे ढीग कल्पावेत. भाजीचा ढीग धान्याच्या निम्मा तरी असावा. या ढिगात बटाटा धरू नये, कारण तो पिष्टमय असल्याने त्याची जागा पोह्यांच्या बाजूला आहे. इंदुरी थाटाचे पोहे असोत वा आपले, मटार, गाजर, कोबी, ढोबळी मिरची यांना पोह्यांचे काही वावडे नसते.

तिसरा प्रश्न तेलाचा. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसभरात वरून घातलेले तेल-तूप साधारण २० ते ३० ग्रॅमपर्यंत पुरते. आमच्या पोह्यांतून प्रत्येकाच्या वाट्याला १३ ग्रॅमहून अधिक तेल जात होते, म्हणजे दुपारची भाजी, आमटीची फोडणी आणि रात्रीचे जेवण शिल्लक असतानाच सकाळी दहापर्यंत निम्मा वाटा संपत होता.

चौथा प्रश्न साखरेचा, आणि येथे पोह्यांपेक्षा चहा जास्त दोषी निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत आणता आली तर अधिक चांगले. या मोजणीत मध, पाक आणि फळांचा रसही येतो. एका कपात दोन लहान चमचे साखर घेणारा माणूस दुपारपर्यंत दोन कप चहा प्यायला, की १६ ते २० ग्रॅम साखर तेथेच झाली. गूळ घातला म्हणजे हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते, परंतु गुळातही ८० टक्क्यांहून अधिक भाग साखरेचाच असतो. चव आवडत असेल तर गूळ जरूर घालावा, मात्र त्याची मोजणी साखर म्हणूनच करावी.

मिठाबद्दल थोडक्यात एवढेच, की दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितलेली आहे आणि लोणचे, पापड, शेव, पाव, खारी यांतून ते आपल्या नकळत येते.

पाचवी पायरी: हीच चाळणी इतर पदार्थांना लावा

एकदा हात बसला, की प्रत्येक पदार्थ तोलण्याची गरज राहत नाही. साबुदाणा घ्या. तो टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदातील पिठापासून होतो, तमिळनाडूतील सेलम परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते. १०० ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिन सापडत नाही, तंतूही नगण्य असतात. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची असतात. माणशी ७५ ग्रॅम साबुदाणा आणि ३० ग्रॅम कूट धरला, तर कुटातून ७ ते ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यावर दोन लहान चमचे तूप आणि अर्धा बटाटा गेला, की बशी साडेपाचशे किलोकॅलरींच्या घरात पोहोचते. उपवासाचे खाणे हलके असते हा समज साबुदाण्याने कधीच मोडीत काढला आहे. महिन्यातून दोन एकादश्या आणि एक संकष्टी एवढ्यापुरती खिचडी खाणाऱ्याने काळजीचे कारण नाही, सोबत वाटीभर ताक किंवा दही आणि काकडीची कोशिंबीर घ्यावी म्हणजे झाले. मात्र आवडते म्हणून आठवड्यातून तीनदा खिचडी करणाऱ्यांनी वहीतल्या भुकेच्या वेळा तपासून पाहाव्यात.

उपमा हा पोह्यांचा सख्खा भाऊ. रव्यात प्रथिने पोह्यांपेक्षा थोडी अधिक असतात, पण रवा भाजताना आणि मोकळा करताना तूप-तेल सढळ पडते. इडली वाफवलेली असल्याने तेलाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवते. तिच्यात तांदूळ उडदापेक्षा दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून तिची खरी किंमत सोबतच्या सांबारावर ठरते. डाळ आणि भाजी तळाशी लागेल इतके दाट सांबार असेल तर उत्तम. नुसत्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर सहा इडल्या खाणे हा वेगळाच मामला आहे.

भाजणीचे थालीपीठ मला न्याहारीचा सर्वांत शहाणा पदार्थ वाटतो, कारण ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडीद त्यात आधीच एकत्र आलेले असतात, आणि कांदा, मेथी, कोथिंबीर किंवा किसलेला दुधी त्यात सहज मावतो. तेलाच्या बाबतीत मात्र थालीपिठाला भोके पाडण्याची आपली पद्धत धोक्याची आहे. प्रत्येक भोकात तेलाचा एक थेंब सोडायचा असतो, पण हातातली पळी थेंब कशाला म्हणतात ते जाणत नाही. मापाच्या लहान चमच्याने सोडले, तर एका थालीपिठाला एक चमचा पुरतो. ज्वारीची भाकरी आणि रात्रीची उसळ, किंवा शिळ्या पोळीचा कुस्करा भरपूर कांदा आणि दाणे घालून, हे पदार्थही चारही प्रश्नांना व्यवस्थित उत्तर देतात. शेतावर जाणाऱ्यांची न्याहारी भाकरी, पिठले किंवा झुणका आणि ताक अशीच असे आणि ती उपाशीपोटी दोन तास राबल्यानंतर खाल्ली जाई, हेही ध्यानात ठेवावे. खुर्चीत बसून काम करणाऱ्याने त्या न्याहारीचा मेळ उचलावा, तिच्या भाकऱ्यांची संख्या उचलू नये.

मिसळीबद्दल लोक फार लवकर निकाल देतात. तिच्या तळाशी मोड आलेल्या मटकीची उसळ असते, म्हणजे प्रथिनांचा प्रश्न ती पोह्यांपेक्षा चांगला सोडवते. बिघडते ते वरच्या फरसाणामुळे, तेलाने लाल झालेल्या तर्रीमुळे आणि मैद्याच्या पावांमुळे. घरी केलेल्या मिसळीत उसळ दुप्पट, फरसाण चमचाभर आणि पाव एकच, असे करून पाहावे. नागपूरकडच्या तर्री-पोह्यांतही हरभऱ्याचा रस्सा असतो, तेव्हा हरभरे मागून घ्यावेत आणि वरचा तवंग राहू द्यावा.

बाहेर खाताना काटा नेता येत नाही. तेथे एक साधी खूण पुरते: पोहे किंवा उपमा संपल्यावर रिकामी बशी तिरकी करून पाहावी. कडेला पिवळा ओघळ जमला, तर ती टपरी रविवारपुरती ठेवावी.

सहावी पायरी: पाकिटाची मागची बाजू वाचा

ज्यांची न्याहारी पाकिटातून येते, त्यांनी पुढच्या बाजूवरची गव्हाची लोंबी, मधाचा थेंब आणि ‘मल्टिग्रेन’ हा शब्द यांच्याकडे काणाडोळा करावा. मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे नियमाने बंधनकारक आहे. पहिले तीन घटक वाचले तरी पाकिटाचा स्वभाव कळतो. बिस्किटाच्या पाकिटावर ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असे पहिले नाव दिसले, तर त्याचा अर्थ मैदा असा आहे. ब्राऊन ब्रेडचा रंग कॅरॅमलमुळेही आलेला असू शकतो, म्हणून त्यावर ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ हे नाव पहिले आहे का आणि त्याची टक्केवारी किती आहे, ते पाहावे. साखर अनेक नावांनी वावरते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध आणि गुळाची पावडर ही नावे यादीत विखुरलेली असली, की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो आणि एकूण गोडवा लपतो.

त्यानंतर पोषणाचा तक्ता पाहावा. तो १०० ग्रॅममागे दिलेला असतो, त्यामुळे आपण किती खातो त्यानुसार भागाकार करावा लागतो. समजा १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर २४ ग्रॅम आहे आणि आपण ५० ग्रॅम मुसली घेतो, तर १२ ग्रॅम साखर पोटात गेली. पाकिटावर एका वाढणीचे माप ३० ग्रॅम छापलेले असते, आणि घरातल्या नेहमीच्या वाडग्यात प्रत्यक्षात किती मावते, ते एकदा काट्यावर पाहावे म्हणजे करमणूकही होते. सोडियमचा आकडा अडीचने गुणला, की मिठाचे वजन मिळते.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींबद्दल एक घटना सांगण्याजोगी आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गवारीतून काढण्याची सूचना केली, कारण अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. पाकिटावरचा तक्ता तेव्हाही तेथेच होता, तो वाचण्याची सवय मात्र आपल्याला नव्हती.

सातवी पायरी: शरीराची साक्ष काढा

वहीत लिहिलेल्या भुकेच्या वेळा आता उपयोगी पडतात. नऊला खाल्ल्यावर साडेदहालाच पोटात कावळे ओरडू लागत असतील किंवा डोळ्यांवर झापड येत असेल, तर बशीत भरपूर पिष्ट आणि थोडे प्रथिन असण्याचा संभव मोठा आहे. दुपारी एकपर्यंत जेवणाची आठवणही येत नसेल, तर न्याहारीचे प्रमाण तरी जास्त आहे किंवा तेल तरी. सकाळी मुळीच भूक लागत नसेल, तर आदल्या रात्रीच्या जेवणाची वेळ पाहावी. निरोगी प्रौढाने भूक नसताना केवळ रीत म्हणून खाल्लेच पाहिजे, असे मला वाटत नाही.

काही जणांना मात्र हा लेख वाचून स्वतःच्या मनाने बदल करता येणार नाहीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने न्याहारी टाळली किंवा एकदम निम्मी केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा. त्यांच्याकडे ग्लुकोमीटर असेल, तर खाण्यास सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजलेली साखर वहीत लिहावी, कारण पोहे आणि थालीपीठ यांतला फरक तेवढ्या स्पष्टपणे दुसरे काहीच दाखवत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना प्रथिने बेतानेच घेण्यास सांगितलेले असते, तेव्हा वरचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर अर्धा ते एक तास न्याहारी व चहा थांबवावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तेल-तुपाची कात्री मोठ्यांइतकी चालवू नये, कारण त्यांचे पोट लहान असते आणि वाढीसाठी ऊर्जा पुष्कळ लागते.

रक्तातील लोह कमी असलेल्यांसाठी एक छोटी बाब महत्त्वाची आहे. चहातील टॅनिनसारखे घटक अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात आणि लिंबातील क जीवनसत्त्व ते वाढवते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत योग्यच आहे, त्याच बशीला लागून येणारा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा.

आठवी पायरी: एका वेळी एकच बदल

सगळे एकदम बदलले, की घरात बंड होते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात फक्त तेल निम्म्यावर आणले, म्हणजे ३० मिलिलिटर. आईची तक्रार रास्त होती, पोहे कोरडे होत होते. तो प्रश्न तेलाने नव्हे, वाफेने सुटला. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळत ठेवायचे, कढईत घातल्यावर वरून पाण्याचा हलका हबका मारायचा, घट्ट झाकण ठेवायचे आणि मंद आचेवर दणदणीत वाफ आणायची. झाकण काढल्यावर पोहे मऊ आणि सुटे निघाले, तेव्हा तिने काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतले.

दुसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम पोह्यांचे २०० केले आणि बटाट्याच्या जागी १५० ग्रॅम मटार आले. तिसऱ्या आठवड्यात साखर गेली, जिची उणीव कोणालाच जाणवली नाही. शेंगदाणे ५० चे ६० ग्रॅम केले आणि १०० ग्रॅम कोरड्या मुगाला मोड आणून, हलकी वाफ देऊन, कांदा-टोमॅटो घालून ती वाटी चौघांत वाटली. पुन्हा हिशेब केला तेव्हा माणशी सुमारे ४७० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने निघाली. खाण्याचा आकार आधीपेक्षा मोठा दिसत होता आणि पदार्थाचे नाव तेच राहिले होते. मूग आदल्या सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावे लागतात, ही एकच नवी कटकट अंगावर आली, आणि अजूनही आठवड्यातून एखाद्या वेळी ती विसरते. अशा दिवशी आम्ही अंडी उकडतो, आणि आई वाटीभर दही घेते.

तेलावर पुढे लक्ष ठेवण्यासाठी रोज मोजण्याची आवश्यकता नाही. पाच लिटरचा नवा डबा ज्या दिवशी फोडाल, त्या दिवसाची तारीख त्यावर मार्करने लिहावी. चौघांच्या घरात तो महिन्यात संपला, तर माणशी दिवसाला सुमारे ४१ मिलिलिटर, म्हणजे ३७ ग्रॅम तेल जाते आहे. चाळीस दिवस पुरला, तर तोच आकडा २८ ग्रॅमवर येतो. दिवाळीच्या महिन्यातला डबा या हिशेबात धरू नये.